धातूच्या छोट्या योद्ध्याचा भाला तुटला? नुसता गोंद पुरणार नाही!

आजचा विषय छोटासा, म्हणजे अक्षरशः बोटाएवढा. टेबलावर खेळायच्या युद्धखेळांतले धातूचे सैनिक. इंग्लंडमध्ये १९८३ साली वॉरहॅमर आला, तेव्हा त्याच्या फौजा अशाच धातूच्या असायच्या. माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच आणि हातातला भाला जेमतेम १ मिलिमीटर जाड. साहजिकच, आधी तुटतं ते शस्त्रच.

आता तुम्ही म्हणाल, नवा घ्या की! पण हे सैनिक रबराच्या साच्यात ओतले जायचे. साचे झिजतात, बाद होतात. जुन्यातले बरेच आता बनतच नाहीत. म्हणून मूळ तुकडा जपून ठेवा, फेकू नका.

आधी एक सावधगिरी. जुन्या सैनिकांच्या धातूत कथिलाबरोबर शिसं असू शकतं, आणि शिसं विषारी. कानस मारताना तुकडा ओला ठेवा, म्हणजे धूळ उडत नाही. काम चालू असताना काही खाऊ नका, नंतर हात साबणाने धुवा. लहान मुलांना लांब ठेवा.

भाला नुसता वाकलाय? मग बोटांनी हळूहळू, एकदाच सरळ करा. पुन्हापुन्हा मागेपुढे केलं की तो तिथेच तुटतो.

तुटलाच असेल, तर पहिला हात जातो फेविक्विककडे. पण असा गोंद वाळला की कडक होतो आणि झटका सोसत नाही. त्यात जोडाची जागा टाचणीच्या डोक्याएवढी. भाल्याच्या टोकाला जरा धक्का लागला की लांब दांड्यामुळे सगळा जोर त्या जोडावर येतो. तडक! म्हणून आत तारेचा कणा घालायचा.

कुऱ्हाड किंवा तलवार, म्हणजे जाड शस्त्र असेल तर असं करा:

१. एका तुटक्या टोकावर रंगाचा बारीक ठिपका द्या आणि ओला असतानाच दुसऱ्या टोकावर टेकवा. ठिपका तिकडे उमटतो. दोन्ही भोकं समोरासमोर येतात.

२. सुईने खड्डा करा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. मग हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने ३-४ मिलिमीटर खोल भोक पाडा. धातू मऊ असतो, चुरा अडकतो. ड्रिल मधेमधे बाहेर काढून पुसा.

३. भोकाच्या मापाची पितळी तार पॉलिश पेपरने खरखरीत करून एका बाजूला चिकटवा. वाळल्यावर आधी गोंदाशिवाय जुळवून बघा, मगच जोडा.

४. फट राहिली तर एम-सीलसारखी दोन भाग मळून लावायची पुट्टी भरा. कडक झाली की घासा आणि रंगवा.

बारीक भाल्याला हा उपाय चालत नाही, कारण त्यात भोक पाडायला जागाच नसते. तिथे दांडाच बदला. मुठीतला जुना तुकडा काढा, आरपार १ मिलिमीटरचं भोक करा आणि पितळी तार ओवा. जुनं पातं शाबूत असेल तर तेच तारेच्या टोकावर बसवा. नसेल तर तारेचं टोक हातोडीने चपटं करून पात्याच्या आकारात घासा. नवा दांडा जुन्यापेक्षा कितीतरी मजबूत होतो.

आणि हो, सोल्डरिंगचा मोह टाळा! सोल्डरिंग गनचं टोक ३०० अंशांच्या वर तापतं. कथिल २३२ अंशांनाच वितळतं, आणि शिसं मिसळलेलं तर १८३ अंशांपासूनच. भाला जोडायला जाल आणि हातही वितळून बसेल.

गोंदाचा जोड चुकला तर मात्र घाबरू नका. अ‍ॅसिटोनने तो सुटतो, पण रंगही जातो, एवढं लक्षात ठेवा.

तर मंडळी, तुमच्या डब्यात कुणी निःशस्त्र योद्धा पडून असेल, तर या रविवारी त्याला बाहेर काढा. भेटूया पुढच्या भागात!