पावसाळ्यानंतर जुनी गाडी सुरू होत नाही? आधी हे तपासा

परवा पेडण्याहून मावसभावाचा फोन आला. "पप्पांची गाडी पावसाळाभर उभी होती. किक मारून पाय दुखले, सुरूच होत नाही!" गाडी 2004 ची, कार्ब्युरेटरवाली. डिचोलीहून गेलो आणि अर्ध्या तासात सुरू करून दिली. एकही पार्ट बदलला नाही.

तुम्हीही हाच क्रम ठेवा: पेट्रोल, ठिणगी, हवा.

⛽ पेट्रोल: हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल शोषून घेतं. पाणी जड, म्हणून ते कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीत साचतं. कॉक बंद करा, वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल बाटलीत काढा. आमचा दोष इथेच निघाला.

⚡ ठिणगी: प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला असेल तर पुसून वाळवा. 100 सीसीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना 0.6 ते 0.7 मिमी गॅप लागते.

🌬️ हवा: आमच्या डिचोलीत खाणपट्ट्यातली तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर तुंबवते. दर महिन्याला उघडून बघा.

मोरजी, हरमलकडच्यांनो, खाऱ्या वाऱ्याने चेन गंजते. ती साफ करून तेल द्या. साधारण 20 ते 30 मिमी ढील ठेवा.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा.

तुमची गाडी कुठे अडते? मॉडेल आणि वर्ष लिहा, मिळून शोधूया.