डोक्यावरून जाणारे विमान आणि कालाम सुत्त : फोटो खरा की खोटा, कसे ओळखायचे?

समुद्रकिनारा आहे. पोहायला आलेले लोक वाळूत उभे आहेत. त्यांच्या डोक्यावर चार इंजिनांचे अवाढव्य विमान, इतके खाली की हात वर केला तर चाकाला लागेल. हा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी आलेला आहे. युवकांच्या बैठकीत आम्ही तो दाखवतो आणि विचारतो, खरा की खोटा? बहुतेक हात ‘खोटा’ म्हणून वर जातात. का, असे विचारले तर उत्तर येते, “असं होऊच शकत नाही.”

पण असे होते, आणि रोज होते. कॅरिबियन समुद्रात सेंट मार्टिन नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाची धावपट्टी माहो बीचला अगदी लागून सुरू होते. मध्ये फक्त एक रस्ता आणि कुंपण. विमानाच्या इंजिनांच्या झोताने जीव जाऊ शकतो, अशी पाटी त्या कुंपणावर आहे. 2017 साली त्या झोताने फेकली गेलेली एक पर्यटक महिला मरणही पावली.

आता साधा हिशोब करू. प्रवासी विमान उतरताना साधारण 3 अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे 100 मीटर पुढे जाताना सुमारे 5 मीटर खाली. त्याची चाके धावपट्टीच्या तोंडापासून साधारण 300 मीटर आत टेकतात. म्हणजे तोंडाशी विमानाची उंची 15 मीटरच्या आसपास असते. किनारा त्याच्या थोडा अलीकडे, म्हणून तिथे सुमारे 20 मीटर, फार तर सहा-सात मजली इमारतीएवढी. बोइंग 747 हे विमान स्वतःच 70 मीटर लांब असते. एवढे धूड 20 मीटरवरून गेले तर ते डोक्याला टेकल्यासारखेच दिसणार.

हाच हिशोब मुंबईत लावून पाहा. धावपट्टीच्या 2 किलोमीटर अलीकडे विमान 100 मीटरच्या आसपास असते. कुर्ला, जरीमरी, घाटकोपरच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पत्र्यावरून विमान गेले की बोलणे थांबवावे लागते, हा त्यांचा रोजचा अनुभव. ज्याने ते कधी पाहिले नाही, त्याला तिथला फोटो बनावट वाटेल. म्हणजे ‘अशक्य वाटते’ याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो, की मी ते पाहिलेले नाही.

भिंगाची करामत

काही फोटोंत विमान इमारतीला किंवा माणसांना घासून जाताना दिसते. तिथे खोटेपणा नसतो, लांबचे भिंग असते. समजा फोटोग्राफर माणसांपासून 1000 मीटर दूर उभा आहे आणि विमान माणसांच्या मागे आणखी 200 मीटरवर आहे. कॅमेऱ्यापासूनची अंतरे झाली 1000 आणि 1200. फरक थोडा, म्हणून दोन्ही जवळजवळ एकाच मापात दिसतात आणि मधले 200 मीटर गायब झाल्यासारखे वाटतात. तेच माणसांपासून 5 मीटरवर उभे राहून साध्या मोबाइलने टिपले, तर अंतरे होतात 5 आणि 205. मग माणसे मोठी दिसतात आणि विमान त्यांच्या मानाने खूपच लहान होते. दोन्ही फोटो खरे आहेत. म्हणून फोटो कुठून काढला आणि कशाने काढला, हे विचारल्याशिवाय निकाल देऊ नये.

खरा वाटलेला खोटा फोटो

आता उलटे उदाहरण. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर 11 सप्टेंबर 2001 रोजी हल्ला झाला. त्यानंतर एक फोटो ईमेलवरून जगभर फिरला. इमारतीच्या छतावरच्या सज्जात एक पर्यटक उभा आहे आणि मागून विमान थेट त्याच्याकडे येत आहे. कोपऱ्यात तारीखही होती. ढिगाऱ्यात सापडलेल्या कॅमेऱ्यातला हा फोटो आहे, अशी गोष्ट सोबत जोडलेली होती. लोक दुःखात होते, त्यांनी विश्वास ठेवला.

तो फोटो पिक्सेल मोजून पकडावा लागला नाही. साध्या प्रश्नांनीच पडला. त्या सकाळी हवा उबदार होती, मग याने लोकरी टोपी आणि जाड जाकीट का घातले आहे? उघडा सज्जा फक्त दक्षिण मनोऱ्यावर होता आणि तो 9:30 ला उघडायचा. विमाने आदळली 8:46 आणि 9:03 ला. मग हा तिथे पोहोचला कसा? फोटोतले विमान अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग 757 आहे, तर दोन्ही मनोऱ्यांवर आदळलेली विमाने बोइंग 767 होती. त्यातले अमेरिकन एअरलाइन्सचे विमान तर उत्तर मनोऱ्यावर आदळले होते. पुढे उघड झाले की 1997 साली काढलेल्या स्वतःच्या फोटोवर एका हंगेरियन पर्यटकाने मित्रांची गंमत म्हणून विमान चिकटवले होते.

तिसरा प्रकार : फोटो खरा, मजकूर खोटा

आपल्याकडे सर्वात जास्त फिरतो तो हाच प्रकार. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना पडलेल्या विमानाचा एक फोटो पसरला. पाकिस्तानने बहावलपूरजवळ राफेल पाडले, असा दावा होता. पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाने सांगितले की तो फोटो 2021 मध्ये पंजाबातील मोगा इथे कोसळलेल्या मिग-21 चा आहे. फोटोत कुणी काहीही चिकटवलेले नव्हते. बदलला होता तो फक्त मजकूर.

माहो बीचच्या फोटोंनाही हे लागू आहे. केएलएम कंपनीची 747 विमाने तिथे 2016 नंतर जात नाहीत. निळ्या केएलएम जंबोचा फोटो टाकून कुणी “मागच्या आठवड्यातला” म्हणत असेल, तर फोटो खरा असूनही मजकूर खोटा आहे.

मग तपासायचे कसे?

आम्ही बैठकीत पाच प्रश्न ठेवतो.

1. हा फोटो याआधी कुठे आला होता? गुगल लेन्स किंवा टिनआयवर टाकून सर्वात जुनी प्रत शोधा. अर्धे खोटे इथेच संपते.

2. जागा कोणती? पाट्या, डोंगर, इमारती, कुंपण नकाशावर आणि उपग्रह चित्रात जुळवा. धावपट्टीपासून जागा किती दूर आहे ते पाहा आणि 3 अंशांचा हिशोब लावा.

3. तपशील एकमेकांशी जुळतात का? माणसांची सावली एकीकडे आणि विमानावरचा उजेड दुसरीकडून, असे आहे का? 747 ला चार इंजिने आणि 18 चाके असतात, तेवढी आहेत का? शेपटीवरची अक्षरे वाचता येतात की नुसता भास आहे? कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांत अशा चुका सापडतात. पण ही साधने दिवसेंदिवस सुधारत आहेत. चूक दिसली नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही.

4. दुसरा साक्षीदार आहे का? गर्दीच्या जागी विमान खरोखर इतके खाली आले असेल, तर ते एकाच माणसाने टिपलेले नसते. दुसऱ्या कोनातला फोटो शोधा.

5. हा फोटो माझ्याकडून काय मागतो? नुसते आश्चर्य, की राग, की कुणाचा तरी द्वेष?

पाचवा प्रश्न आमचा नाही. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग विश्वास कोणावर ठेवायचा? अंगुत्तर निकायातील त्या सुत्तात बुद्धांनी ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ, वरवरचे रूप, सांगणाऱ्याचे मोठेपण, यांपैकी कशालाही पुरेसा पुरावा मानलेले नाही. स्वतः तपासा, आणि ती गोष्ट लोभ, द्वेष, मोह वाढवते का ते पाहा, असा त्याचा आशय. आपण हे सुत्त विहारात ऐकतो. मोबाइल हातात घेतला की मात्र विसरतो. ‘ग्रुपवर सरांनी टाकलंय’ एवढे कारण आपल्याला पुरते.

विमानाच्या फोटोने आपले काय बिघडते?

बिघडते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होती. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला प्रबोधनपट होता. त्याचा शेवट कापून तो पसरवला गेला. अशा अफवांत जीव जातो तो भटक्याचा, गरिबाचा, परक्या दिसणाऱ्याचा.

दुसरे नुकसान आणखी खोल आहे. गावात अत्याचार होतो, तेव्हा तिथल्या पोराच्या मोबाइलमधला फोटो हाच अनेकदा आपला पहिला पुरावा असतो. ‘असं होऊच शकत नाही’ हे वाक्य आपण तेव्हाही ऐकतो, फक्त तेव्हा ते आपल्याविरुद्ध वापरलेले असते. आपण न तपासता दहा खोटे फोटो पुढे ढकलले असतील, तर अकराव्या खऱ्या फोटोला “यांचं नेहमीचंच” म्हणणे समोरच्याला सोपे जाते.

म्हणून कार्यकर्त्यांना एक विनंती. घटनेचा फोटो काढला तर मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत वेळ-जागेची मूळ नोंद उरत नाही. शक्यतो दोन-तीन कोनांतून काढा. गावाची पाटी, रस्ता, ओळखीची खूण एका तरी फोटोत येऊ द्या. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ज्या मोबाइलने फोटो काढला तो विकू नका, त्यातले काही पुसू नका.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे काढा. विमानाचा तो फोटो दाखवा, हात वर करायला सांगा आणि मग हिशोब करा. विमानावर भांडण होत नाही, म्हणून सुरुवातीला तेच बरे. सवय लागली की ती पुढच्या फोटोला उपयोगी पडेल.

जय भीम. नमो बुद्धाय.