आमच्या घरचा मोदक

मंडळी, मध्यंतरी छोट्या गटाच्या मुलांना ‘माझा आवडता प्राणी’ ह्या विषयावर चार वाक्यं बोलायची होती. एक कुत्रा, दोन मांजरं, एक ससा आणि एक हत्ती (हा कोणाच्या घरी नाही) एवढं झाल्यावर आमचा धाकटा उठला आणि म्हणाला, “आमच्याकडे मोदक आहे. तो पाण्यात राहतो आणि गांडुळं खातो.” पुढे काय गोंधळ झाला ते बाईंनाच विचारा. पण त्यानंतरच्या रविवारी चहाच्या वेळी तीन घरच्या आईवडिलांनी आम्हाला गाठलं. त्यांच्याही घरी हट्ट सुरू झाला होता. तेव्हा प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहावं असं ठरलं. आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्याही लिहितो, कारण त्यातली एक मोदकाच्या जिवावर बेतली होती.

मोदक म्हणजे अ‍ॅक्सोलॉटल. मुलांना हा प्राणी माइनक्राफ्ट ह्या खेळामुळे माहीत झाला. २०२१ च्या जूनमध्ये तो त्या खेळात आला आणि त्याच वर्षी हट्ट आमच्या घरी आला. खऱ्या जगात तो मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को नावाच्या भागातल्या कालव्यांत राहतो. तो मासा नाही. बेडकासारखा उभयचर आहे, म्हणजे ज्या गटातले बहुतेक प्राणी लहानपणी पाण्यात आणि मोठेपणी जमिनीवर राहतात त्या गटातला. फरक असा की बेडकाचं पिल्लू मोठं झालं की त्याचे कल्ले आणि शेपूट जातात, आणि हा मात्र आयुष्यभर पिल्लूच राहतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांच्या झालरीसारखे कल्ले, शेपटीला पंखासारखा पडदा, आणि तोंडावर कायमचं हसू. त्याला पापण्या नसतात, त्यामुळे तो झोपला आहे की आपल्याकडे बघतो आहे हे कळत नाही. आमचा फिकट गुलाबी-पांढरा आहे, म्हणून मोदक. महाराष्ट्रात त्याचे असे शेपटीवाले नातलग नाहीत. भारतात ते पार दार्जिलिंग-मणिपूरकडे सापडतात. इथे हाउन्सलोत मात्र बागेतल्या तळ्यात न्यूट दिसतो, तो त्याचा लांबचा भाऊ.

ह्या कायमच्या बालपणाची गंमत फार जुनी आहे. १८६४ मध्ये मेक्सिकोहून ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले. त्यांतले सहा ऑगस्त द्युमेरिल ह्या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. त्यांना पिल्लं झाली, आणि त्यांतली काही कल्ले टाकून चक्क जमिनीवर राहणारा प्राणी बनली! सगळे चक्रावले. पुढे १९२० मध्ये ज्युलियन हक्सली ह्यांनी गुरांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून हेच मुद्दाम घडवून दाखवलं. म्हणजे मोठं होण्याची तयारी शरीरात असते, हुकूम तेवढा सुटत नाही. (घरी कोणी असला प्रयोग करू नये. तसं झालेला प्राणी बहुधा फार जगत नाही.)

आता मुद्द्याचं. मुलांनो, दुकानात जाऊन तुम्हाला तो विकत घेता येणार नाही. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकता येत नाही आणि मुलाच्या प्राण्याची जबाबदारी कायद्यानं पालकांवर असते. वेगळा परवाना मात्र लागत नाही. पालकांनी आणखी एक हिशेब करावा. नीट सांभाळला तर अ‍ॅक्सोलॉटल दहा-पंधरा वर्षं जगतो. आठ वर्षांच्या मुलासाठी घेतलात तर मुलगा विद्यापीठात जाईल आणि बादल्या तुम्ही उचलाल. आमच्याकडे तर विद्यापीठापर्यंत थांबावंही लागलं नाही, जानेवारीतच बाबा बादल्या उचलू लागले.

आमची मोठी चूक पहिल्याच दिवशी झाली. नोव्हेंबरात एका शनिवारी आम्ही टाकी, फिल्टर, वाळू आणि मोदक असं सगळं एकाच फेरीत आणलं. संध्याकाळी टाकी भरली आणि मोदकाला आत सोडलं. दुकानदारानं अडवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आठवड्याभरात त्यानं खाणं सोडलं. कल्ल्यांची झालर आखडली, लाल रंग उतरला, आणि शेपटीचं टोक आकडीसारखं वळलं. थोरलीनं ग्रंथालयातून पुस्तक आणलं तेव्हा कळलं की पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात अमोनिया साठला होता.

हे नीट समजून घ्या, कारण ह्या प्राण्याचं सगळं पालनपोषण ह्या एका गोष्टीवर उभं आहे. प्राणी पाण्यात अमोनिया सोडतो, उरलेलं अन्न कुजून आणखी भर पडते. अमोनिया विष आहे. फिल्टरमधल्या स्पंजात एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढून टाकता येतं. नव्या फिल्टरमध्ये हे जिवाणू नसतात. दुधात विरजण न घालता सकाळी दही मागावं तसं आमचं झालं.

तेव्हा आधी टाकी ‘लावायची’. पाणी भरून फिल्टर चालू करायचा, प्राणी न सोडता थोडा बाटलीतला अमोनिया घालायचा (सुवासिक किंवा फेस येणारा नको), आणि थेंब टाकून रंग बघायच्या चाचणीपेटीनं दर दोन दिवसांनी पाणी तपासायचं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होतो, नायट्राइटही शून्य येतं, आणि नायट्रेट तेवढं दिसतं, तेव्हा दही लागलं. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट वीसच्या खाली आणायचं आणि त्यानंतर प्राणी आणायचा. ह्याला चार ते आठ आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाकडे माशांची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून घ्या. तेच विरजण, आणि त्यानं बरेच दिवस वाचतात.

मोदकाचं काय झालं? त्याला आम्ही प्लॅस्टिकच्या टबमध्ये काढलं. रोज सगळं पाणी टाकून त्याच तापमानाचं ताजं पाणी द्यायचं, आणि शेजारी रिकामी टाकी लागू द्यायची. असं नऊ आठवडे चाललं. दहाव्या दिवशी त्यानं गांडुळाचा तुकडा गपकन गिळला, तेव्हा घरात कोणाचा तरी निकाल लागल्यासारखा आनंद झाला.

पाण्याबद्दल आपण हाउन्सलोवाले एका बाबतीत नशीबवान आहोत. आपलं नळाचं पाणी जड असतं. केटलच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. त्या थराला आपण सगळे वैतागतो, पण अ‍ॅक्सोलॉटलला क्षार असलेलं पाणीच मानवतं. तोटा एवढाच, की असं पाणी थोडं अल्कधर्मी असतं आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त घातक होतो. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामिन असतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं असं जुने लोक सांगतात, पण क्लोरामिन तसं उडत नाही. म्हणून प्रत्येक बादलीत क्लोरीन मारणारं औषध घालायचंच.

टाकी एका प्राण्याला साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि शंभर लिटरच्या आसपासची हवी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तेव्हा पुस्तकांच्या कपाटावर ठेवू नका. खाली खडे अजिबात नकोत. हा प्राणी चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट घास ओढून घेतो, आणि त्याबरोबर खडाही पोटात जाऊन अडकतो. अगदी बारीक वाळू चालते. पिल्लू लहान असेल तर तळ मोकळाच बरा. फिल्टरचा प्रवाह मंद हवा. दिव्याचा झगमगाट नको, लपायला आडवं टाकलेलं मातीचं कुंडं पुरे. सोबत मासे नकोत, ते कल्ले कुरतडतात. दोन अ‍ॅक्सोलॉटल घ्यावेत असं मुलांना वाटतं, पण नर-मादी निघाले तर एका वेळी शेकडो अंडी! एकच घ्या, त्याला एकटेपणा जाचत नाही. आणि हातात घेऊ नका, त्याची कातडी फार नाजूक असते. मांडीवर घ्यायला प्राणी हवा असेल तर तुम्हाला ससा हवा आहे.

जेवण म्हणजे गांडूळ. गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या दुकानात डब्यातून मिळतात. मोठ्या प्राण्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतात. खताच्या पेटीतली लालपट्टेवाली मात्र कडू लागतात, मोदक ती थुंकून टाकतो. आमच्यासारख्या शाकाहारी घरात हा प्रश्न सोपा नव्हता. गांडुळांचा डबा गार जागी ठेवावा लागतो, म्हणजे फ्रिजमध्ये, आणि त्या वेळी नाशिकहून आजी आल्या होत्या. त्यांनी फ्रिज उघडला, डबा पाहिला, बंद केला. दोन दिवसांनी म्हणाल्या, “आपण खात नाही म्हणून त्यानं खाऊ नये असं थोडंच आहे? पण डबा देवाच्या नैवेद्याशेजारी नको.” डबा बागेतल्या शेडमध्ये गेला. गोळ्यांचं अन्नही मिळतं, श्रावणात आम्ही त्यावर भागवतो. मोदकाला ते फारसं पसंत नाही.

खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. ह्या प्राण्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. वीसच्या वर तो अस्वस्थ होतो, चोवीसच्या वर जिवाला धोका. हिवाळ्यात ह्या देशात काही करावं लागत नाही, हीटर तर नकोच. पण १९ जुलै २०२२ आठवतो ना? आपल्या शेजारच्या हीथ्रोवर पारा ४०.२ अंशांवर गेला होता. आमच्या बैठकीच्या खोलीत ३१ आणि टाकीत २५! पाणी थंड करायचं यंत्र काही शे पौंडांना मिळतं, ते आमच्याकडे नव्हतं. फोनवर आजी म्हणाल्या, “अरे, माठ कसा गार होतो?” टाकीचं झाकण काढून जाळी टाकली आणि टेबलफॅनचा वारा थेट पाण्यावर सोडला. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, तेच माठाचं तत्त्व. गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या एकेक करून सोडल्या, एकदम नाही, कारण तापमान झपकन उतरणंही वाईट. रात्री दोनपर्यंत बाबा आणि थोरली आळीपाळीनं थर्मामीटर बघत बसले. पहाटे पाणी एकवीसवर आलं. त्या दिवसापासून टाकी उत्तरेकडच्या खोलीत आहे आणि फ्रीझरमध्ये चार बाटल्या कायमच्या.

कंटाळा आला म्हणून कोणी क्रेन नदीत किंवा तळ्यात सोडून देऊ नका. परदेशी प्राणी मोकळा सोडणं १९८१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि परक्या जिवांनी काय होतं ते सोचिमिल्कोतच दिसतं. तिथे बाहेरून आणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे अ‍ॅक्सोलॉटलची अंडी-पिल्लं खातात. (आपल्या उजनी धरणात ज्याला चिलापी म्हणतात तोच हा तिलापिया.) पाणीही घाण झालं. १९९८ च्या पाहणीत तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार अ‍ॅक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये ३६. मेक्सिकोनं २०२१ मध्ये पन्नास पेसोच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. आज नोटांवरचे अ‍ॅक्सोलॉटल कालव्यांतल्यापेक्षा कितीतरी जास्त असतील. दुकानात मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेले असतात. त्यांच्यामुळे तिथले कमी होत नाहीत, पण वाचतही नाहीत, हे मुलांना सांगायला हवं.

राहता राहिला आपल्या सगळ्यांचा प्रश्न, सुट्टीत भारतात जाण्याचा. दोन-तीन दिवस मोठा अ‍ॅक्सोलॉटल न खाता आरामात राहतो, सहा आठवडे नाही. दर आठवड्याला साधारण पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, दर दोन-तीन दिवसांनी गांडूळ द्यायचं, उरलेला तुकडा नळीनं काढायचा, आणि ऊन तापलं की पंखा लावायचा. यंदा जुलैच्या अखेरीस आम्ही नाशिकला जाणार आहोत. ज्यांच्या घरी हट्ट चालू आहे त्यांच्यापैकी कोणी ते सहा आठवडे आमच्या घरी येऊन मोदकाला सांभाळायला तयार असेल तर रविवारी चहाच्या वेळी भेटा. किल्ली, चाचणीपेटी आणि गांडुळांचा डबा आम्ही देऊ. एका घरच्यांनी नाव दिलं आहे, पण त्यांच्या आजींनी अजून डबा पाहिलेला नाही.