विश्लेषण : स्वतःच्याच संघाशी लढून जिंकलेला स्टीफन रोश, १९८७ मध्ये नेमकं काय घडलं?

तादेई पोगाचारने २०२४ मध्ये जिरो दी इटालिया, टूर द फ्रान्स आणि जागतिक अजिंक्यपद एकाच वर्षात जिंकलं. पुरुषांमध्ये त्याआधी हे दोघांनाच जमलं होतं. १९७४ मध्ये बेल्जियमचा एडी मर्क्स आणि १९८७ मध्ये डब्लिनचा स्टीफन रोश. रोशची गोष्ट वेगळी, कारण जिरोत त्याचा मोठा प्रतिस्पर्धी त्याच्याच संघात होता.

साप्पादाला काय झालं?

सायकल शर्यतीत पुढचा हवा कापतो आणि मागच्याची बरीच ताकद वाचते. म्हणूनच सहकारी आपल्या म्होरक्यासाठी पुढे राहून राबतात. कारेरा संघात आदल्या वर्षीचा विजेता रॉबर्टो विसेंतिनी होता आणि आघाडीवीराची गुलाबी जर्सीही त्याच्याच अंगावर होती. मात्र जुलैतल्या टूरमध्ये तो आपल्याला मदत करणार नाही, अशी रोशची खात्री झाली होती. साप्पादाच्या टप्प्यात एका उतारावर रोश निसटला. त्याला गाठायला त्याचाच संघ मागे लागला! विसेंतिनी शेवटी काही मिनिटांनी मागे पडला आणि जर्सी रोशकडे आली.

इटालियन प्रेक्षक खवळले. पुढचे दिवस रोशवर थुंकणं, शिवीगाळ सुरूच राहिली. संघातला बेल्जियन एडी शेपर्स तेवढा त्याच्या बाजूने उभा राहिला. रोशने शिस्त मोडली हे खरं. पण पायांत दम कोणाच्या जास्त होता, हेही त्या जिरोने दाखवलं.

टूर किती फरकाने जिंकली?

अवघ्या ४० सेकंदांनी. ला प्लान्यच्या चढावर पेद्रो देल्गादो सुमारे दीड मिनिट पुढे गेला होता. तो नजरेआड असताना रोशने शेवटच्या काही किलोमीटरमध्ये सगळा जोर लावला आणि अंतर ४ सेकंदांवर आणलं. रेषा ओलांडताच तो कोसळला. ऑक्सिजन द्यावा लागला. नंतर दिजोंच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने देल्गादोला मागे टाकलं.

सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियातल्या फिलाखला तो खरं तर देशबंधू शॉन केलीला मदत करायला उतरला होता. शेवटच्या काही शे मीटरमध्ये इतर एकमेकांकडे पाहत राहिले, रोश सुटला आणि विश्वविजेता झाला. केली पाचवा आला.

पुढे काय झालं?

१९८६ मध्ये दुखावलेला गुडघा पुन्हा उलटला. विश्वविजेत्याची जर्सी मिळाली, पण १९८८ चा बराच हंगाम वाया गेला. १९९२ मध्ये टूरचा एक टप्पा जिंकून रोश १९९३ मध्ये निवृत्त झाला.