नावाड्याचे ‘नाही’

बीड जिल्हा आणि नाव हे दोन शब्द एका वाक्यात आले, की पुण्या-मुंबईकडची मंडळी हसतात. त्यांना आमचा जिल्हा माहीत असतो तो टँकरचा आणि ऊसतोड मजुरांचा. “तुमच्याकडे प्यायला पाणी नाही, नावा कुठे चालवता?” असे माझ्या एका मावसभावाने भर पंगतीत विचारले होते. मी त्याला एवढेच म्हणालो, की बाबा रे, आमच्या जिल्ह्याची उत्तरेची शीव गोदावरीच आहे. एकदा पावसाळ्यात येऊन तिचे पात्र बघ.

त्या पात्राने इतिहासही घडवला आहे. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण तो पराभव कसा झाला? निजामअली फौजेच्या एका भागासह नदी उतरून उत्तर तीरावर गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेनिशी दक्षिण तीरावर राहिला होता. गोदावरीला पूर होता. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. पलीकडच्यांना परत येता येईना आणि अलीकडच्यांना पलीकडे जाता येईना. विठ्ठल सुंदर मारला गेला. पूर आलेल्या नदीपुढे दिवाणाचाही इलाज चालत नाही, हा त्या लढाईतला धडा पेशव्यांच्या पराक्रमाच्या वर्णनात हरवून जातो.

नदीवर पूल झाले आणि उतारांवरची वर्दळ ओसरली. पण पाण्यावरचा प्रवास संपला नाही. तो दुसऱ्या वाटेने परत आला. पैठणला १९७६ मध्ये जायकवाडीचे लोकार्पण झाले. आमच्या जिल्ह्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण उभे राहिले, केज तालुक्यात धनेगावला मांजरेचे. धरणांनी ऊस दिला आणि शहरांची तहान भागवली. त्याबरोबर मैलोन् मैल पसरलेला फुगवटाही दिला. त्यात जुन्या पायवाटा गेल्या, गाडीरस्ते गेले. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा. मग माणसे आपापले साधन शोधतात. कोणी होडी घेतो, कोणी थर्माकोलचा तराफा बांधतो, तर कोणी गूळ करायची काहीलच पाण्यात लोटतो. पूर्वी भोपळ्यांची सांगड होती, आता थर्माकोल आहे, एवढाच फरक.

या फुगवट्याशी माझी गाठ पडली ती बँकेच्या नोकरीत. १९९० चा ऑक्टोबर होता. धरण काठोकाठ भरलेले. आमच्या शाखेने तिथल्या काही मच्छीमारांना होड्या आणि जाळ्यांसाठी कर्ज दिले होते. पलीकडच्या गावात पीककर्जाची तपासणी होती. आम्ही चौघे आणि एक मोटारसायकल. होडीचा मालक साठीच्या पुढचा, उघडाबंब, डोक्याला पटका. आम्ही सगळे त्याला ‘मामा’ म्हणत असू. त्याने पश्चिमेकडे पाहिले आणि वल्हे खाली ठेवले.

“साहेब, आभाळ भरून आलंय. वारं सुटंल. घटकाभर थांबा.”

मी घड्याळ पाहिले. चारच्या आत परत शाखेत पोचायचे होते. “मामा, थेंबसुद्धा पडत नाही अजून. चला.”

“पावसाचं काई न्हाई साहेब, वाऱ्याचं भ्या असतं.”

तेव्हा मी जे बोललो ते आज लिहितानाही हात जड होतो. मी म्हणालो, “मामा, या होडीवर कर्ज कुणाचं आहे, माहीत आहे ना?”

मामा काही बोलला नाही. त्याने मोटारसायकल आडवी करून मधोमध घातली, आम्हाला तळाला बसवले आणि होडी ढकलली.

मध्यावर वारा आला. ज्याने फुगवट्यातला वारा पाहिला नाही, त्याला धरणाचे पाणी म्हणजे मोठे तळे वाटते. तळ्यात लाटा असतात हे मला तोवर माहीतच नव्हते. आमच्यातला एक जण घाबरून उभा राहिला, तसा मामा त्याच्यावर ओरडला, “खाली बस!” साहेब नाही, अहो-जाहो नाही. होडी मागे वळवावी असे मी सुचवले. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. नाळ वाऱ्याच्या तोंडाला धरून तो वल्ही मारत राहिला. वळवताना होडी लाटेला आडवी झाली असती तर पालथीच झाली असती, हे नंतर कळले. आम्ही तेलाच्या डब्याने पाणी उपसत होतो. वाऱ्याने आम्हाला मागे मागे रेटत नेले आणि पाण्यात बुडालेल्या एका बाभळीच्या शेंड्याला होडी अडकली. तो शेंडा धरून आम्ही अर्धा-पाऊण तास बसलो. वारा पडल्यावर निघालो होतो त्याच काठाला परत लागलो.

काठावर मामाने मला त्याचे नियम सांगितले. ते कुठे लिहिलेले नव्हते. माणसे मोजायची, आणि मोटारसायकल दोन माणसांच्या जागी धरायची. जड माणूस मधे. चालत्या होडीत उभे राहायचे नाही. उतरताना सगळ्यांनी एका बाजूला झुकायचे नाही. बुडालेली झाडे आणि विहिरींचे कठडे कुठे आहेत ते ठाऊक असल्याशिवाय अंधारात होडी घालायची नाही. होडी उलटलीच तर ती धरून राहायचे, काठाकडे पोहत सुटायचे नाही. आणि वारा उठायची चिन्हे असतील तर जायचे नाही, मग समोर कोणीही असो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कर्जाची फाइल काढली. तारण होते, दोन जामीनदार होते, मंजुरीपत्र होते. त्या होडीत माणसे किती बसवायची, हा रकाना मात्र कुठेच नव्हता. आणि तपासणीच्या शेऱ्याखाली सही माझी होती.

जगाने हा रकाना फार उशिरा भरला. जहाज किती बुडेपर्यंत लादायचे याची रेघ त्याच्या अंगावर काढलीच पाहिजे, यासाठी इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिम्सॉल नावाच्या खासदाराने पार्लमेंटात भांडण मांडले, तेव्हा १८७६ चा कायदा झाला. आपल्याकडे १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. समुद्राला निदान बंदर आहे, बंदरात अधिकारी आहे, परवाना आहे. तरीही १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान नौका ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळून पंधरा जणांचा जीव गेला. मग आमच्या फुगवट्याचे काय? तिथे अधिकारीही नाही आणि बंदरही नाही.

कायदा नाही असे मात्र नाही. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा कायदा यांत्रिक नौकांपुरता होता. मामाची वल्ह्याची होडी त्यात बसतच नव्हती. २०२१ च्या नव्या कायद्यात बिनयांत्रिक नौकांसाठी वेगळे प्रकरण आहे आणि त्यांची नोंद अगदी गावपातळीवरही व्हावी, असा विचार त्यामागे आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौकासुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही काढली आहेत. पण दिल्लीत छापलेला कागद सिंदफणेच्या काठाला आपोआप येत नाही. २०२३ मध्ये गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची मुले जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जातात, ही बातमी आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. त्या बातमीतला ‘वारा’ हा शब्द वाचला आणि मी पेपर घडी करून ठेवला.

ज्या घाटावर होडी लागते तिथे एक पाटी लावायला ग्रामपंचायतीला कितीसा खर्च येईल? माणसे किती, हे ठळक आकड्यात. तितकी जीवरक्षक जाकिटे. अंधारात आणि वाऱ्यात होडी बंद. आणि शेवटी एक ओळ: नावाडी ‘नाही’ म्हणाला तर वाद घालू नये. ही शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आकडा मोडला जातो तो बहुधा नावाड्याच्या हावेने, असे आपण समजतो. पण लग्नाची घाई, कचेरीची वेळ, ‘अरे, एवढं एक माणूस बसव की’ हा आपला आग्रह, हे कोणाचे असते? मामाचा नियम मामाने मोडला नव्हता. तो मी मोडायला लावला होता.

त्या दिवशी काठावर उतरल्यावर मी खिशातून भाड्याचे पैसे काढले. मामाने हात मागे घेतला. “पलीकडं न्हेलंच न्हाई साहेब, मग पैसं कशाचं?” असे म्हणून तो होडीतले उरलेले पाणी उपसू लागला. कर्जाच्या व्याजाचा पैसा न् पैसा त्याच्याकडून वसूल करणारा मी, हातात त्या नोटा धरून तसाच उभा होतो.