पोटाचा डॉक्टर आणि आपले रेशनकार्ड

आपल्या महाड-पोलादपूर भागात पोट दुखले की आधी ओवा, मग मेडिकलवाल्याची गोळी आणि कावीळ दिसली की झाडपाला, हा क्रम ठरलेला आहे. आमच्या नात्यातील एका वृद्ध काकांच्या बाबतीत आम्हीही तेच केले. तीन आठवडे गेले. डोळे पिवळे, अंगाला खाज, शौच पांढरट. सोनोग्राफीत पित्तनलिकेत खडा दिसला. घाईने शहरातील एका खाजगी रुग्णालयात नेले. दारावर योजनेचा फलक होता, म्हणून आम्ही निर्धास्त! दुसऱ्या दिवशी कळले, ते रुग्णालय योजनेत आहे ते हाडांच्या उपचारांपुरते. तोवर अनामत भरली होती आणि काकूंचे कानातले गहाण पडले होते.

सभासद बंधू-भगिनींनी योजनेची माहिती नीट करून घ्यावी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत आली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. पुढे आयुष्मान भारतशी ती जोडली गेली व कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण झाले. मात्र ते यादीतील उपचारांसाठी दाखल झालेल्या रुग्णाला मिळते; नुसती तपासणी व औषधचिठ्ठी यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

म्हणून निघण्यापूर्वी १५५३८८ या क्रमांकावर फोन करावा. "रुग्णालय योजनेत आहे का?" एवढेच विचारू नये, "पोटविकारासाठी आहे का?" असे विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन पोचताच आरोग्यमित्राला गाठावे, पैसे भरण्याआधी नोंदणी करावी. पूर्वमंजुरीची विनंती रुग्णालय पाठवते. वडीलधाऱ्यांना हे फोन जमत नाहीत. घरातील विद्यार्थ्यांनी करावेत.

पहिली पायरी मात्र आपले ग्रामीण रुग्णालयच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. तिथून चिठ्ठी घेऊन मुंबईत केईएम, सायन वा जेजेच्या पोटविकार विभागात जाता येते. महाड औद्योगिक वसाहतीतील ज्या कामगारांची राज्य विमा वर्गणी कापली जाते, त्यांची वाट वेगळी. त्यांनी विमा दवाखान्यातून पुढचे पत्र घ्यावे. रक्ताची उलटी वा डांबरासारखे काळे शौच झाल्यास मात्र चिठ्ठीपत्राची वाट पाहू नये, १०८ ला फोन करून गाडी बोलवावी.

काकांचा खडा दुसऱ्या रुग्णालयात, योजनेतूनच, दुर्बिणीने निघाला. कानातले अजून सोडवायचे आहेत.