विमानातून खाली उतरवतात तेव्हा

नोव्हेंबर 2023मध्ये जयपूर–बेंगळुरू विमानात दारूच्या नशेत हवाईसुंदरीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून एका प्रवाशाला अटक झाली. अर्थात बेंगळुरूत उतरल्यावर! आकाशात कोणाला उतरवणार? म्हणूनच विमान जमिनीवर असतानाच पट्टा बांधायला किंवा फोन बंद करायला हुज्जत घालणाऱ्याला जयपूरच्या सांगानेर विमानतळावरच उतरवणे कप्तानाला सोयीचे वाटते. विमानात अंतिम शब्द त्याचाच.

अशा प्रवाशांना विमानप्रवास नाकारणाऱ्या उड्डाणबंदीच्या यादीमागे मात्र मराठी प्रकरण आहे. मार्च 2017मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेले उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड विमानातून उतरायलाच तयार नव्हते. कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम आले: शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत बंदी, धक्काबुक्कीला सहा, जिवावर बेतणाऱ्या कृत्याला किमान दोन वर्षे.